खुराड्याचं तेल

ऐन पावसाळ्यातल्या कर्कटक महिन्याचा पाऊस असा लागला होता की वेट्टिक्कुन्नच्या उतारावर कुणाच्या घरी कोरडं कापड उरलं नव्हतं. अच्युतन आशारीच्या पडवीत रबराच्या लाकडाच्या फळ्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. तो रोज सकाळी उठून त्यांच्यावरून तळहात फिरवायचा, हात लुंगीला पुसायचा आणि काही न बोलता चुलीपाशी येऊन बसायचा.

"वाळल्या नाहीत?" पंकजाक्षी विचारायची.

"बाहेर काय चाललंय ते दिसतंय ना तुला?"

आशारी म्हणजे सुतार. अच्युतनच्या बापानं देवळाचे दरवाजे घडवले होते. अच्युतननं स्वतः फणसाच्या लाकडाच्या चौकटी केल्या, भात साठवायच्या पेट्या केल्या, लग्नाचे पलंग केले. आता लोक लोखंडी खिडक्या आणि तयार दारं टेंपोत घालून आणत होते. त्याच्याकडे उरलं होतं एकच काम, कोंबड्यांची खुराडी. बायकांचं एक मंडळ होतं, ते सभासदांना पिल्लं वाटायचं आणि पिल्लांबरोबर खुराडंही द्यायचं. बापाचा रंधा हातात धरून खुराड्याच्या पट्ट्या तासताना अच्युतन कुणाकडे मान वर करून बघत नसे.

आणि त्यातही गेल्या वर्षी फजिती झाली होती. रबराचं लाकूड स्वस्त, पण किडीच्या आवडीचं. एकाच पावसाळ्यात खुराड्यांचे तळ भुसभुशीत झाले. खालच्या वाडीतल्या सुहराच्या खुराड्याचा तळ उदमांजरानं पंजानं फोडला आणि एकूण एक कोंबडी नेली. सकाळी तिला अंगणभर पिसं तेवढी मिळाली. सुहरा काही बोलली नाही, पण नाक्यावरच्या चहावाल्या कुंजिरामननं सोडलं नाही. भरल्या टपरीत तो म्हणाला, "आशारी, तू उगाच दाराला कडी लावत बसतोस. तुझं गिऱ्हाईक खालून येतं."

सगळे हसले. अच्युतनही हसला. घरी आला तेव्हा त्याचे कान लाल होते.

यंदा मंडळाची अध्यक्षा सतीदेवी छत्री मिटत पडवीत आली आणि फळ्यांकडे बघत उभी राहिली.

"अच्युतन चेट्टा, पुढच्या महिन्यात चिंगम लागला की पिल्लं येणार. ओणमच्या आधी खुराडी बायकांच्या दारात पाहिजेत. आणि गेल्या वर्षीसारखं झालं तर पुढचं काम मी शहरातल्या जाळीवाल्याला देईन. माझ्यावर रागवू नका."

"नाही होणार तसं."

"लाकडाला काहीतरी लावा. टिकेल असं. पण कोंबड्यांना बाधेल असलं नको हं. बायका अंडी पोराबाळांना घालतात."

ती गेल्यावर अच्युतन चुलीपुढे बसला. पंकजाक्षी कप्पा सोलत होती, कंदाची गुलाबी साल तिच्या पायाशी साठत होती.

"रंग लावावा?" ती म्हणाली.

"पोपडे निघतात. कोंबडी बसल्या बसल्या टोचून खाते."

"व्हार्निश?"

"या पावसात? पांढरं पडेल, कुष्ठ झाल्यासारखं."

"दुकानात ते वाळवीचं औषध मिळतं ना."

अच्युतन हसला. "त्यानं वाळवी मरेल, मग कोंबडी मरेल, मग अंडं खाऊन सतीदेवी मरेल." मग तो म्हणाला, "काजूच्या टरफलाचं तेल. बाबा होड्यांना तेच लावायचे. एकदा सुकलं की ना कीड लागत, ना पाणी शिरत, ना कुणाला बाधत. पण सुकेपर्यंत विस्तव आहे तो."

काजूच्या कारखान्यातून त्यानं तेलाचा डबा आणला. काळंभोर, दाट, नाकाला झोंबणारं तेल. हाताला खोबरेल चोळून, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून तो कामाला लागला. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातानं फळी उलटायची. पिशवीला कुठं भोक पडलं ते त्याला कळलंही नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या उजव्या तळव्यावर आणि मनगटावर फोड आले. घाम पुसताना हात कपाळाला लागला होता, त्यामुळे एक डोळा सुजून मिटला.

दुसऱ्या दिवशी त्याला पेजेची वाटी धरता येईना. पंकजाक्षीनं वाटी घेतली आणि फणसाच्या पानाचा चमचा करून त्याच्या तोंडाशी धरला. तो तोंड फिरवून बसला.

"घ्या की."

"ठेव खाली. मी पितो."

त्यानं वाटी खालीच ठेवायला लावली आणि ओणवा होऊन तोंड लावून पेज प्याला. पंकजाक्षी उठून बाहेर गेली. तो पीत असताना आपण तिथं नसलेलं बरं, एवढं तिला कळत होतं.

फळ्यांचं तर काहीच झालं नव्हतं. पावसाळी हवेत तेल सुकेना. हात लावला तर चिकटायचं, आणि जिथं चिकटेल तिथं पुन्हा फोड.

"चुलीवरच्या माळ्यावर टाकू या," पंकजाक्षी म्हणाली. "थोड्या थोड्या करून. धुरानं सुकतील."

"किती दिवस? सगळ्या सुकेपर्यंत वृश्चिक महिना उजाडेल. तोपर्यंत तो जाळीवाला येऊन आपल्या पडवीत बसेल."

"मग सतीदेवीला सांगा, उशीर होईल म्हणून."

"सांग तू. सांग, माझ्या नवऱ्याला खुराडंसुद्धा जमत नाही."

त्यांचा मुलगा बिनीश शहरात गाड्यांच्या गॅरेजात कामाला होता. रविवारी तो मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकावून आला. बापाचा हात बघून त्यानं तोंड वाकडं केलं.

"अच्छन, या जमान्यात कोण काजूचं तेल लावतं? हे घ्या." त्यानं कॅनचं झाकण उघडलं. "जळकं ऑईल. गाड्यांमधून काढलेलं. आमच्याकडे ओतायला जागा नाही. सगळे गोठ्याच्या खांबांना हेच लावतात. वाळवी जवळ फिरकत नाही."

"गोठ्याचे खांब गाय चाटत नाही," पंकजाक्षी म्हणाली.

"अम्मा, कोंबडी काय खुराडं चाटणार आहे?"

अच्युतननं डाव्या हातानं एका कोऱ्या पट्टीला ऑईल फासलं. रबराच्या लाकडानं ते असं पिऊन घेतलं जसं तापल्या जमिनीनं पाणी. फिकट, आजारी दिसणारी पट्टी बघता बघता गडद झाली, रेषा उठून आल्या. जुन्या फणसाच्या लाकडासारखी दिसायला लागली. अच्युतन ती पट्टी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला होता.

"बघ," तो म्हणाला. "बघ तरी."

पंकजाक्षीला वास आला. रस्त्यात बिघडलेल्या लॉरीखाली येतो तसला. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती काही बोलली नाही.

पहिलं खुराडं तयार झालं तेव्हा अच्युतननं ते स्वतःच्या परसात चार दगडांवर बसवलं आणि पंकजाक्षीच्या कोंबड्या त्यात घातल्या. तिला विचारलं नाही. कोंबड्या तिच्या होत्या. माहेरून आणलेल्या एका कोंबडीपासून वाढवलेल्या, उघड्या मानेच्या, गावठी. अंडी विकून ती स्वतःचं चहापत्तीपासून औषधापर्यंत सगळं बघायची, कुणापुढे हात पसरायची नाही. आतून त्यांची कुरकुर ऐकू आली. "सवय होईल," अच्युतन म्हणाला.

पाऊस चालूच होता. कोंबड्या दिवसाही फारशा बाहेर पडत नव्हत्या, दांडीवर अंग चोरून बसायच्या. लाकूड जेवढं ऑईल प्यायलं होतं तेवढं दमट हवेत पुन्हा बाहेर टाकत होतं. पहिल्यांदा राखाडी कोंबडीनं दाणे टिपायचं सोडलं. पंकजाक्षीनं तिला उचललं तर तिच्या छातीची पिसं काळी आणि चिपचिपीत झाली होती. कोंबडी थरथरत होती. चोचीनं ती सारखं तेच पीस साफ करायला जायची, ओढायची, पुन्हा ओढायची. चोचही काळी झाली होती.

पंकजाक्षीनं कोमट पाण्यात रिठा चोळून तिला धुतलं. पिसं बाजूला केली. खालची कातडी लालबुंद झाली होती आणि पंखाखाली बारीक फोड आले होते. तिनं ते फोड ओळखले. असलेच फोड ती रोज नवऱ्याच्या तळव्याला खोबरेल लावताना बघत होती, फक्त ते दुसऱ्या तेलाचे होते.

कोंबडी दुपारी मेली. तिच्यामागून दुसरी. मग तांबडी, जी रोज अंडं घालायची. पंकजाक्षीनं बाकीच्यांना बाहेर काढून स्वयंपाकघरात टोपलीखाली ठेवलं, पण उशीर झाला होता. त्यांनी पाणी प्यायचंही सोडलं.

अच्युतन पडवीत पुढच्या खुराड्यांना ऑईल फासत होता. तिनं मेलेली कोंबडी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"मानमोडी आहे," त्यानं बघितल्यासारखं करून म्हटलं. "पावसात येतेच."

"मानमोडीत मान वळते. हिची मान बघा, सरळ आहे."

"सगळ्यांची वळत नाही."

"अहो, पंख उचलून बघा."

"तुला काय डॉक्टरकी कळते?"

"डॉक्टरकी नाही कळत. कोंबड्या कळतात. हात लावून बघा फक्त."

त्यानं हात लावला नाही. कुंचला डब्यात बुडवला, काठावर निथळला आणि फळीवर ओढला. मग तिच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "बहुतेक खुराडी रंगवून झालीत. आता काय करू, तूच सांग. पाण्यानं धुऊन काढू?"

संध्याकाळी त्यानं माडाखाली खड्डा खणला, कोंबड्या टाकल्या, वर चुना पसरला. परसातलं खुराडं त्यानं सुक्या चिंध्यांनी परत परत पुसलं. दर वेळी चिंधी काळी व्हायची. नंतर तेही त्यानं उचलून बाकीच्यांच्या रांगेत ठेवलं.

दोन दिवसांनी सुहरा आली. डोक्यावरची ओढणी पिळून तिनं पायरीवर टाकली. सुहराचा नवरा कधीचा सोडून गेला होता. लग्नघरी ती पत्तिरी करायला जायची. तांदळाची कागदासारखी पातळ भाकरी, तिच्या हातची पंचक्रोशीत नावाजलेली. तेवढ्यावर तिचं चालायचं. तिनं पडवीतली काळी चकचकीत रांग बघितली.

"मस्त दिसतायत गं चेच्ची. उदमांजराचे दात मोडतील."

"हं."

"तुझ्या कोंबड्या कुठायत? आवाज नाही."

पंकजाक्षी नारळ खवत होती. हात थांबला.

"मेल्या."

"सगळ्या?"

अच्युतन नाक्यावर गेला होता. पंकजाक्षीनं तरी आवाज खाली आणला. गेल्या वर्षी याच बाईच्या अंगणात पिसं पडली होती आणि तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. पंकजाक्षीला ते आठवत होतं.

"सुहरा, तुला म्हणून सांगते. खुराडं घेऊन जा, पण पिल्लं आत घालू नको. त्या ऑईलनं मेल्या माझ्या. आणि हे माझ्याकडून ऐकलंस असं कुठं बोलू नको. शपथ घे."

"मग बाकीच्या बायका?"

"मी बघते त्यांचं."

"कधी बघणार? परवा वाटप आहे."

"म्हटलं ना, बघते."

सुहरानं शपथ घेतली नाही. ओढणी उचलली आणि पावसात निघून गेली.

वाटप वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, पिल्लांच्या खोक्यांतून चिवचिव येत होती, खुराडी व्हरांड्यात एकावर एक रचली होती. अच्युतन धुतलेला सदरा घालून दाराशी उभा होता. हाताचे फोड वाळून कातडी सोलली होती, म्हणून त्यानं हात पाठीमागे धरले होते. सतीदेवीनं त्याचं कौतुक केलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणाला काही विचारायचंय?"

सुहरा उठली. "मला विचारायचंय. याला काय लावलंय? याच्यात ठेवलेल्या कोंबड्या मेल्यात म्हणे."

हॉलमध्ये गलका झाला. "कुणाच्या मेल्या?" "कोण म्हणतं?"

"आशारीच्या घरच्याच. पंकजाक्षी चेच्चीनं मला सांगितलं."

अच्युतननं मान वळवून बायकोकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. राग असता तर पंकजाक्षीला सोपं गेलं असतं. पेजेच्या वाटीवर ओणवा होताना जसा होता, तसाच तो दिसत होता.

"आमच्या कोंबड्या मानमोडीनं गेल्या," तो सावकाश म्हणाला. "विचारा हिला."

"काय गं पंकजाक्षी चेच्ची?" सतीदेवी म्हणाली. "तू सांगितलंस असं?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. सुहराचीही. सुहरा तर हसतमुखानं बघत होती, आता तू बोल आणि मोकळी हो, असं.

"मानमोडीच होती," पंकजाक्षी म्हणाली. "मी असं काही सांगितलं नाही."

सुहराच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ऐकलेलं समजायला तिला थोडा वेळ लागला.

मागून कोणीतरी म्हणालं, "गेल्या वर्षीचा राग काढतेय." दुसरी म्हणाली, "पिल्लं घरात यायच्या आधी मरणाची गोष्ट कशाला काढायची? असली कसली जीभ!"

सुहरा पिल्लं घ्यायला पुढे आली तेव्हा बायकांनी तिला वाट दिली, जरा जास्तच दिली. तिनं पिल्लांचं खोकं उचललं, खुराडं घेतलं नाही.

घरी जाताना अच्युतन आणि पंकजाक्षी एका छत्रीत होते. घर आल्यावर त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, जी त्यानं लग्नानंतर कधी घेतली नव्हती. तिला वाटलं, मारलं असतं तर बरं.

ओणम झाला. पिल्लं जरा अंग धरायला लागली आणि बायका त्यांना रात्रीचं खुराड्यात कोंडू लागल्या. मग एकेका घरून बातमी येऊ लागली. आधी वरच्या वाडीतून, मग देवळाजवळून. पिल्लं अंग फुगवून बसतात, खात नाहीत, मरतात. जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसानं लांबूनच सांगितलं, साथ आहे. बायकांनी पिल्लं पुरली. पंकजाक्षी पाणवठ्यावर गेली की त्या आपण होऊन तिला सांगायच्या, "तुझ्यासारखंच झालं गं चेच्ची. मानमोडी."

आशारीला कुणी दोष दिला नाही. दोष सुहराच्या जिभेला लागला.

कुणी आधी म्हटलं कोण जाणे. पण सुहरानं भर सभेत कोंबड्यांचं मरण बोलून दाखवलं आणि तसंच झालं, म्हणजे ती काळ्या जिभेची. आता लोकांना जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. तिनं कुणाच्या म्हशीला छान म्हटलं होतं आणि म्हैस आटली. तिनं कुणाच्या पोराला दमला का म्हणून विचारलं आणि पोर तापानं फणफणलं. सुहराची स्वतःची पिल्लं फणसाच्या फांदीवर झोपायची आणि धडधाकट होती. लोक म्हणाले, बघा, तिची बरी जगली.

त्या मोसमात तिला पत्तिरी करायला एकाही लग्नघरातून बोलावणं आलं नाही. मंगलकार्यात असली जीभ कोण आणणार? देवळामागच्या एका घरानं तर आधी दिलेली सुपारी परत नेली. सुहरा रबराच्या मळ्यात चीक गोळा करायला जाऊ लागली. पहाटे अंधारात जायची, दुपारी यायची, आणि पंकजाक्षीच्या दारावरून जाताना मान सरळ ठेवायची.

शेवटी मंडळाच्या बैठकीत पंकजाक्षी उभी राहिली. तिनं खिडकीचा गज धरला.

"मला बोलायचंय. मी त्या दिवशी खोटं बोलले. माझ्या कोंबड्या ऑईलनं मेल्या. तुमच्याही त्यानंच मेल्या. सुहरा खरं बोलत होती."

मग सतीदेवी उठून तिच्याजवळ आली आणि तिचा खांदा थोपटला.

"चेच्ची, तुझं मन मोठं आहे. सुहराला काम मिळत नाही ते बघवत नाही तुला. पण म्हणून स्वतःच्या नवऱ्यावर घ्यायचं?"

"मी नवऱ्यावर घेत नाहीये. जे झालं ते सांगतेय."

"अगं, एवढी माणसं म्हणतायत साथ होती, दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं. ते सगळे खोटे?" आणि मग हळूच म्हणाली, "आणि आता हे बोलून कुणाचं पिल्लू परत येणार आहे? नवी पिल्लं मंजूर व्हायचीत. उगाच चौकशी लागली तर सगळंच बंद पडेल."

बायकांनी माना हलवल्या. एकीनं विषय बदलला. पंकजाक्षी उभीच होती, तिला कुणीतरी पदर ओढून खाली बसवलं.

नव्या पिल्लांसाठी नव्या खुराड्यांचं काम पुन्हा अच्युतनकडेच आलं. आता पाऊस सरला होता, ऊन कडक पडायचं. अच्युतन एकटाच काजूच्या कारखान्यात गेला आणि डबा घेऊन आला. हाताला खोबरेल, वर पिशव्या, त्यावर जुनं धोतर गुंडाळलेलं. एकेक पट्टी त्यानं तेल लावून उन्हात मांडली, रोज उलटली, नखानं खरवडून बघितली, सुकली नाही तर पुन्हा मांडली. बिनीशनं आणून ठेवलेले कॅन त्यानं झाकण घट्ट लावून न्हाणीमागे ढकलले. पंकजाक्षी दारातून बघायची. तिला कळत होतं, पहिली कोंबडी मेली त्या दिवसापासून तो सगळं जाणून होता.

सगळी खुराडी झाल्यावर उरलेल्या पट्ट्यांतून त्यानं एक जास्तीचं केलं. सगळ्यांत चांगलं तेच झालं. सांधे असे बसवले होते की खिळ्याची गरज पडली नाही.

"त्या बाजूनं धर," तो पंकजाक्षीला म्हणाला.

"कुठं न्यायचं?"

"सुहराकडे."

दोघं दोन टोकांना धरून उतार उतरले. सुहरा अंगणात कपडे वाळत घालत होती. चिकानं तिची बोटं काळपट झाली होती. त्यांनी खुराडं फणसाखाली टेकवलं. अच्युतननं त्याचं दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं.

"कशाला आणलंत?" सुहरा म्हणाली.

"राहू दे तुला. हे काजूच्या तेलाचं आहे. पूर्ण सुकलेलं. यानं कोंबड्यांना काही होत नाही."

"आणि त्यानं व्हायचं?"

अच्युतननं दाराची कडी पुन्हा लावून बघितली.

"अच्युतन चेट्टा, मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. नाक्यावर चला. कुंजिरामनच्या टपरीत सगळी माणसं बसलेली असतात. तिथं एवढंच म्हणा की याला काजूचं लावलं, त्याला जळकं ऑईल लावलं होतं. मग मी तुमचं खुराडं घेते. पैसेसुद्धा देते."

"सुहरा," पंकजाक्षी म्हणाली.

"तू बोलू नको चेच्ची. तू बोललीस तेव्हा काय झालं ते मला कळलं. आता यांना बोलू दे."

अच्युतन खुराड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. कुठं तरी कुसळ राहिलंय का ते बघत असल्यासारखा. मग त्यानं आपलं टोक उचललं. पंकजाक्षीनं दुसरं उचललं.

नाक्यावर ऊन होतं. टपरीसमोरच्या बाकावर माणसं पेपर वाचत बसली होती. कुंजिरामननं चहा ओतता ओतता हाक मारली.

"आशारी, खुराडं परत घरी? काय, उदमांजरानं नापसंत केलं?"

माणसं हसली. अच्युतन थांबला. पंकजाक्षी मागच्या टोकाला होती, तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती त्या पाठीकडे बघत राहिली.

"सुहराला फुकट द्यायला गेलो होतो," अच्युतन म्हणाला. "नको म्हणाली."

"बरं झालं," कुंजिरामन म्हणाला. "चांगलं आहे म्हणाली असती तर तुझं लाकूड आजच किडलं असतं."

पुन्हा सगळे हसले, आणि अच्युतनही हसला.

पंकजाक्षीनं आपलं टोक खाली ठेवलं.

"उचल," तो न वळता म्हणाला.

ती हलली नाही. त्यानं वळून बघितलं, मग बाकावरच्या माणसांकडे बघितलं. "चक्कर आली काय गं? उचल."

"नाही आली चक्कर."

मग एकट्यानं पुढचं टोक धरून तो खुराडं ओढत निघाला. मागचे दोन पाय डांबरावर खरडत होते, खडखड आवाज होत होता. चढ लागल्यावर त्यानं दोनदा थांबून हात बदलला. वळणावर एक पाय निखळून रस्त्यात पडला. तो उचलायला थांबला नाही.

"काय झालं चेच्ची?" कुंजिरामननं विचारलं. "भांडण?"

"त्या सगळ्या कोंबड्या यानं मारल्या," पंकजाक्षी म्हणाली. "सुहराची जीभ काळी नाही. यानं जळकं ऑईल लावलं, आणि मी भर सभेत खोटं बोलले."

कुंजिरामननं सहानुभूतीनं मान हलवली. नवरा-बायकोच्या भांडणात बायका काय वाटेल ते बोलतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं एक पेला विसळला, त्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे सरकवला.

"बसा जरा," तो म्हणाला. "साखर कमी घालू की नेहमीसारखी?"